शोषलेला प्रकाश

१९५६ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यातील रॉचफर्डच्या रुग्णालयात अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष सिस्टर वॉर्ड सांभाळत होत्या. ऊन पडले की त्या नाजूक बाळांना अंगणात नेत. कोंदट खोलीपेक्षा मोकळी हवा आणि ऊन बाळाला मानवते, एवढीच त्यांची धारणा होती. एके दिवशी डॉक्टरांची फेरी आली तेव्हा त्यांनी जरा संकोचतच एक बाळ उघडे करून दाखवले. काविळीने पिवळे पडलेले त्याचे अंग बरेचसे निवळले होते. त्वचेचा एक त्रिकोण मात्र गडद पिवळा राहिला होता. तेवढ्या भागावर चादरीचे टोक आले होते. त्यानंतर काही काळाने त्याच रुग्णालयात काविळीच्या बाळाच्या रक्ताची नळी प्रयोगशाळेच्या खिडकीत उन्हात राहून गेली आणि तिच्यातले बिलिरुबिन, म्हणजे काविळीत अंग पिवळे करणारे द्रव्य, अपेक्षेपेक्षा पुष्कळच कमी भरले. या दोन निरीक्षणांची सांगड घालून रिचर्ड क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लेख लिहिला. आज आपल्याकडच्या जिल्हा रुग्णालयात एखादी आजी 'बाळाला लाइटखाली ठेवलंय' असे सांगते, तेव्हा तो निळा दिवा त्या अंगणातून इथवर आलेला असतो.

विद्युतचुंबकीय प्रारण आणि सजीव यांचा संबंध अभ्यासायला निघालेल्या वाचकाचे स्वागत याच घटनेने करावेसे वाटते, कारण या विद्याशाखेत जे काही शिकायचे ते तिच्यात बीजरूपाने आले आहे. बिलिरुबिनचा रेणू पाण्यात सहजी विरघळत नाही. स्वतःच्याच अणूंमधल्या हायड्रोजन बंधांनी तो आतल्या आत दुमडून बसलेला असतो, आणि नवजात बाळाचे यकृत त्याला विद्राव्य रूप देण्याइतके तयार झालेले नसते. सुमारे ४६० नॅनोमीटर तरंगलांबीचा निळा प्रकाश हा रेणू शोषून घेतो. त्या ऊर्जेने त्याच्यातला एक दुहेरी बंध क्षणभर सैल होतो, रेणूची एक बाजू वळते, घडी उलगडते आणि पाण्यात मिसळणारे रूप तयार होते. ते यकृताच्या प्रक्रियेसाठी न थांबता पित्तातून आणि लघवीतून निघून जाते. उष्णतेचा इथे काही संबंध नाही. त्याच बाळाला कितीही प्रखर तांबड्या दिव्याखाली ठेवले तरी कावीळ उतरणार नाही, कारण तांबडा प्रकाश बिलिरुबिन शोषतच नाही.

शोषला जातो तोच प्रकाश रासायनिक काम करतो, हा नियम ग्रोटहुस यांनी १८१७ मध्ये मांडला आणि पुढे ड्रेपर यांनी स्वतंत्रपणे पुन्हा शोधून काढला. ऐकायला तो फार साधा आहे. पण किरणांविषयीच्या बहुतेक गैरसमजांचे मूळ तो विसरण्यात आहे. अमुक किरण चांगले की वाईट असे आपण विचारतो, तेव्हा गुण किरणातच साठवलेला आहे असे गृहीत धरतो. खरा प्रश्न असा असतो : हे किरण शरीरातला कोणता रेणू शोषतो, शोषल्यावर त्या रेणूचे काय होते, आणि असे किती रेणू बदलले तर पेशीला फरक पडतो?

भौतिकीच्या दृष्टीने हा सारा प्रांत एकच आहे. विद्युतक्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र एकमेकांना जन्म देत अवकाशातून पुढे सरकतात, त्यांचा वेग प्रकाशाच्या वेगाइतका भरतो आणि म्हणून प्रकाशही याच जातीचा असला पाहिजे, हे मॅक्सवेल यांनी १८६५ च्या निबंधात दाखवले. हर्ट्झ यांनी १८८७-८८ मध्ये कार्ल्सरूह येथे अशा लहरी प्रत्यक्ष निर्माण केल्या. कित्येक किलोमीटर लांबीच्या रेडिओ लहरींपासून अणूहूनही आखूड गॅमा किरणांपर्यंत या साऱ्यांना एकच समीकरणे लागू पडतात. बदलते ती त्यांची पदार्थाशी होणारी गाठभेट. रेडिओ लहरी चुंबकीय क्षेत्रात ठेवलेल्या अणुकेंद्रांची फिरकी उलटवू शकतात, आणि एमआरआयचे यंत्र त्यावरच चालते. सूक्ष्मतरंग ध्रुवीय रेणूंना वळवतात, अवरक्त किरण बंधांना कंप देतात, दृश्य आणि अतिनील प्रकाश बाहेरच्या इलेक्ट्रॉनांना वरच्या पातळीवर नेतो, तर क्ष-किरण आणि गॅमा किरण इलेक्ट्रॉन उखडूनच काढतात.

या शाखेत येणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला जगदीशचंद्र बोस यांची आठवण करून द्यावीशी वाटते, आणि ती निव्वळ अभिमानापोटी नाही. १८९० च्या दशकात कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात त्यांनी काही मिलिमीटर लांबीच्या लहरी निर्माण केल्या. साखरेचे द्रावण प्रकाशाचे ध्रुवण-प्रतल फिरवते, हे तेव्हा ठाऊक होते. रेणूची रचना उजवी किंवा डावी वळलेली असल्यामुळे असे होत असेल, तर तशाच वळणाची मोठी वस्तू मोठ्या लहरीचे प्रतल फिरवील, असा त्यांनी विचार केला. आणि त्यासाठी त्यांनी तागाच्या जुड्या पिळल्या! उजवा पीळ दिलेल्या जुड्यांनी प्रतल एका बाजूला फिरले, डाव्या पिळाच्या जुड्यांनी दुसऱ्या बाजूला. लहरीची लांबी आणि रचनेचे माप यांचे नाते इतक्या सुंदर रीतीने दाखवणारा प्रयोग मला दुसरा माहीत नाही. पुढे बोस वनस्पतींच्या प्रतिसादाकडे वळले. त्यांच्या त्या कामातली काही अनुमाने टिकली, काहींवर वाद झाले. पण भौतिकीची उपकरणे घेऊन सजीवापुढे बसायची वाट त्यांनीच आपल्याकडे घालून दिली.

आता या विद्येचा कणा असलेल्या गणिताकडे येऊ. प्लांक यांनी १९०० मध्ये आणि आइनस्टाइन यांनी १९०५ मध्ये दाखवले, की प्रारणाची ऊर्जा पुड्यापुड्यांनी दिली-घेतली जाते. या पुड्याला आपण फोटॉन म्हणतो. १२४० या संख्येला नॅनोमीटरमधल्या तरंगलांबीने भागले की फोटॉनची ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये मिळते. एवढे सूत्र पाठ असले तरी वर्तमानपत्रातली निम्मी विधाने स्वतः पारखता येतात. निळ्या दिव्याचा फोटॉन २.७ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा. जंतुनाशक अतिनील दिव्याचा, २५४ नॅनोमीटरचा फोटॉन ४.९ चा. दोन कार्बन अणूंमधला एकेरी बंध तोडायला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात, आणि पाण्याच्या रेणूतून इलेक्ट्रॉन उखडायला साडेबारा. क्ष-किरणाचा फोटॉन हजारो इलेक्ट्रॉन-व्होल्टचा असतो. उलट स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्ह भट्टीचा, म्हणजे २.४५ गिगाहर्ट्झचा फोटॉन एका इलेक्ट्रॉन-व्होल्टचा जेमतेम एक लक्षांश भाग. आपल्या शरीराच्या तापमानाला रेणूंची जी नैसर्गिक थरथर चालू असते तिची ऊर्जा याच्या अडीच हजार पटींहून जास्त आहे.

म्हणून प्रारणाविषयी बोलताना दोन हिशेब वेगळे ठेवावे लागतात : एकेक फोटॉन केवढा, आणि असे फोटॉन किती. नेमका मारलेला एक दगड कैरी पाडतो. त्याच वजनाची वाळू ओंजळ-ओंजळ भिरकावली तर देठाला काही होत नाही. सूक्ष्मतरंगांचे अगणित फोटॉन एकत्र येऊन अन्न शिजवतात, पण ते उष्णतेच्या वाटेने. एकेकटा फोटॉन बंध तोडीत नाही. (भट्टीची वारंवारता पाण्याच्या रेणूशी जुळवलेली असते, असे पुष्कळ ठिकाणी छापलेले आढळते. ते खरे नाही. साध्या तापमानाला पाणी सूक्ष्मतरंग सर्वाधिक जोमाने शोषते ते २० गिगाहर्ट्झच्या आसपास. तेवढी वारंवारता वापरली तर लहरी पदार्थाच्या वरच्या थरातच संपून जातील.)

या दोन हिशेबांतली तफावत किती भयंकर असू शकते, हे एका आकड्याने कळते. आयनीकारक प्रारणाची मात्रा ग्रे या एककात मोजतात; एक ग्रे म्हणजे किलोमागे एक ज्यूल ऊर्जा. माणसाच्या सबंध शरीराला थोड्या वेळात चार ग्रेच्या आसपास मात्रा मिळाली आणि उपचार झाले नाहीत, तर अशा माणसांपैकी निम्मी दगावतात. ही ऊर्जा सगळी उष्णतेत मोजली तर शरीराचे तापमान किती वाढेल? अंशाच्या एक सहस्रांश भागाने. तापमापकाला त्याचा पत्ताही लागणार नाही. मारक ठरते ती ऊर्जेची वाटणी. प्रत्येक फोटॉन ज्या थोड्या रेणूंना गाठतो त्यांच्यावर जबर घाव घालतो. पाण्यातून अतिक्रियाशील मूलके निर्माण होतात, डीएनएचे दोन्ही धागे एकाच ठिकाणी तुटतात, आणि विभाजन पावणाऱ्या पेशी सर्वांत आधी कोलमडतात.

हीच गोष्ट कामालाही लावता येते. लासलगावच्या 'कृषक' केंद्रात कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांनी कांद्याला ६० ते ९० ग्रे मात्रा दिली जाते. कांदा तापत नाही, किरणोत्सारीही होत नाही. त्याच्या कोंबातल्या विभाजनक्षम पेशी तेवढ्या थांबतात आणि साठवणीत कोंब फुटत नाही. हर्मन म्युलर यांनी १९२७ मध्ये क्ष-किरणांनी फळमाशीत उत्परिवर्तने घडवून दाखवली. भाभा अणुसंशोधन केंद्राने त्याच तत्त्वावर विकसित केलेले 'टीएजी-२४' सारखे भुईमुगाचे वाण आपल्या शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहेत. कर्करोगावरच्या किरणोपचाराचा पायाही हाच. त्याविषयी सविस्तर लिहिणारे ग्रंथ पुष्कळ आहेत, म्हणून इथे अधिक विस्तार करत नाही.

मला थांबावेसे वाटते ते अतिनील प्रकाशापाशी, कारण भौतिकी आणि जीवशास्त्र यांची सर्वांत नाजूक गुंफण तिथे आहे. डीएनए २६० नॅनोमीटरच्या आसपास सर्वाधिक शोषण करते. डीएनएच्या शिडीत पायऱ्यांचे घटक म्हणून शेजारी-शेजारी बसलेली दोन थायमिने अशी ऊर्जा मिळाली की एकमेकांना चिकटतात. ती जोडी शिडीच्या त्या पायऱ्या वाकवते आणि नक्कल उतरवणारे विकर तिथे अडखळते. सूर्याकडून येणारे सर्वांत घातक अतिनील किरण ओझोनचा थर अडवतो. २९० नॅनोमीटरच्या पलीकडचे थोडे खाली पोचतात. तेच किरण त्वचेतल्या ७-डिहायड्रोकोलेस्टेरॉलने शोषले तर 'ड' जीवनसत्त्वाची सुरुवात होते, आणि डीएनएने शोषले तर कर्करोगाचे बीज पडू शकते. किरण एकच, त्वचा एकच. फरक शोषणाऱ्या रेणूचा.

आणि दुरुस्ती? १९४० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत आल्बर्ट केल्नर अतिनील मारा झालेल्या सूक्ष्मजीवांचा अभ्यास करीत होते. काही नमुने अनाकलनीयरीत्या सावरत, काही मरत. तापमान आणि इतर कारणे तपासून झाल्यावर उरला तो खोलीतला साधा उजेड. त्याच सुमारास रेनातो दुल्बेको यांना जिवाणुभक्षक विषाणूंच्या बाबतीत हाच अनुभव आला : एकावर एक रचलेल्या थाळ्यांपैकी दिव्याजवळच्या थाळ्यांत अधिक विषाणू जगले होते. अतिनील प्रकाशाने केलेली इजा निळा प्रकाश भरून काढत होता! हे काम करणाऱ्या विकराला फोटोलायेज म्हणतात. ते निळा फोटॉन शोषते, त्या ऊर्जेने एक इलेक्ट्रॉन चिकटलेल्या थायमिनांना देते आणि ती जोडी सोडवते. डीएनए-दुरुस्तीच्या उलगड्यासाठी २०१५ चे रसायनशास्त्राचे नोबेल ज्या तिघांना मिळाले त्यांतले अझीझ सँजार यांनी या विकरावर आयुष्याचा मोठा भाग घालवला. माणसात हे विकर नाही. नाळ असलेल्या सस्तन प्राण्यांनी ते उत्क्रांतीच्या ओघात गमावले, आणि आपल्या पेशींना बिघडलेला तुकडा कापून नवा बसवण्याची लांबची वाट धरावी लागते.

रॉचफर्डची खिडकी, केल्नर यांच्या खोलीतला उजेड, दुल्बेको यांची थाळ्यांची चळत. या शाखेतले किती शोध कोणी न बोलावलेल्या, कोणी न मोजलेल्या प्रकाशाने लावून दिले! म्हणून नव्या अभ्यासकाला मी पहिली सवय सांगेन ती अशी : प्रयोगाच्या जागी कोणकोणते प्रारण आधीपासून हजर आहे, ते मोजून वहीत लिहा. नारायणगावजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेनांची महाकाय दुर्बीण, जीएमआरटी, ज्यांनी पाहिली असेल त्यांना हे वेगळे सांगायला नको. दूरच्या हायड्रोजनकडून येणाऱ्या, मूळ २१ सेंटिमीटर लांबीच्या क्षीण लहरी ऐकायच्या, तर आजूबाजूचा रेडिओ-गोंगाट ओळखून वजा करणे हे खगोलशास्त्रज्ञाचे रोजचे काम असते. जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत ही शिस्त अजून पुरती रुजलेली नाही, असे माझे मत आहे.

मोबाइल आणि त्याचे मनोरे यांविषयीच्या प्रश्नाला बगल देऊन ही प्रस्तावना पुरी होऊ शकत नाही. लोक तो भीतीने विचारतात आणि त्या भीतीला नीट उत्तर मिळण्याचा त्यांना हक्क आहे. या लहरींचा फोटॉन बंध तोडण्याच्या मानाने लाखो पटींनी अपुरा आहे, त्यामुळे क्ष-किरणांचा धडा इथे लावता येत नाही. सिद्ध झालेला परिणाम आहे तो उष्णतेचा. म्हणून मर्यादाही ऊर्जेच्या शोषणदरावर ठरवली जाते : भारतात ती कोणत्याही एक ग्रॅम ऊतीच्या सरासरीने किलोमागे १.६ वॉट आहे. तुलनेसाठी, स्वस्थ बसलेल्या माणसाचे शरीर स्वतःच किलोमागे एक ते दीड वॉट उष्णता निर्माण करीत असते. २०११ मध्ये कर्करोग संशोधनाच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने रेडिओ लहरींना 'कदाचित कर्ककारक' या गटात घातले; त्या गटाचा अर्थ पुरावा तोकडा आहे पण शंका पुसता येत नाही, असा आहे. जागतिक आरोग्य संघटनेसाठी झालेल्या आणि २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात मोबाइलचा वापर आणि मेंदूतील अर्बुदे यांच्यात संबंध आढळला नाही. आजच्या ज्ञानावर भीतीला आधार नाही, असे मी स्पष्ट सांगेन. मात्र 'उष्णता नाही म्हणजे परिणाम असूच शकत नाही' असे जे ठामपणे सांगितले जाते, त्याला भौतिकीची मान्यता आहे असे समजू नये.

असे म्हणायला दोन कारणे आहेत. पहिले जुने आहे. रडारजवळ काम करणाऱ्या काही लोकांना डोक्यात टकटक ऐकू येई. ॲलन फ्राय यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी त्याचा पद्धतशीर अभ्यास केला. लहरींचे आखूड, जोरदार ठोके डोक्यातल्या ऊतींना अंशाच्या काही दशलक्षांश भागाने, पण एकदम तापवतात. ऊती किंचित प्रसरण पावतात आणि तो दाब ध्वनी होऊन आतल्या कानापर्यंत जातो. म्हणजे इथे कारण उष्णताच, पण सरासरी तापमान मोजणाऱ्याच्या हाती ते कधी लागले नसते.

दुसरे कारण पक्ष्यांचे आहे. युरोपातले रॉबिन रात्री स्थलांतर करतात आणि दिशेसाठी पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा उपयोग करतात. जर्मनीतल्या ओल्डेनबर्ग विद्यापीठाच्या आवारात, लाकडी झोपड्यांत ठेवलेल्या रॉबिनना ही दिशा सापडेना. झोपड्यांना ॲल्युमिनियमचे पत्रे लावून ते जमिनीशी जोडले तेव्हा सापडली. जोडणी काढली की पुन्हा हरवली. हेन्रिक मौरिट्सन यांच्या गटाने वर्षानुवर्षे, निरीक्षकांनाही झोपडीची स्थिती कळू न देता, हे प्रयोग केले आणि २०१४ मध्ये 'नेचर'मध्ये प्रसिद्ध केले. अडथळा होता ५० किलोहर्ट्झ ते ५ मेगाहर्ट्झ या पट्ट्यातल्या क्षीण रेडिओ-गोंगाटाचा. त्याची पातळी माणसासाठी ठरवलेल्या मर्यादांच्या कितीतरी खाली होती. मोबाइलच्या वारंवारता याहून फार वरच्या आहेत, हेही लक्षात ठेवावे.

इतका दुबळा फोटॉन काय करू शकला असेल? क्लाउस शुल्टेन यांनी १९७८ मध्येच एक वाट सुचवली होती. प्रकाशाने रेणूत दोन सुट्या इलेक्ट्रॉनांची जोडी निर्माण झाली, तर त्या जोडीच्या फिरकी चुंबकीय क्षेत्रात डोलतात, आणि पुढची रासायनिक क्रिया कोणत्या बाजूला जाईल हे त्या डोलण्यावर ठरते. इथे बंध तोडण्याची ऊर्जा आधीच दृश्य फोटॉनने पुरवलेली असते. क्षेत्राला फक्त कौल फिरवायचा असतो. म्हणून उष्णतेच्या थरथरीशी केलेली तुलना इथे अपुरी पडते. ही जोडी निर्माण करणारा रेणू पक्ष्याच्या डोळ्यातले क्रिप्टोक्रोम असावे, असा आजचा कयास आहे. क्रिप्टोक्रोम हे वर आलेल्या फोटोलायेजच्याच कुळातले. दोघांतही फ्लेविन हा प्रकाश शोषणारा घटक असतो, दोघेही निळा प्रकाश शोषतात. डीएनएची दुरुस्ती करणाऱ्या प्राचीन कुळातला एक भाऊबंद पुढे होकायंत्राच्या कामाला लागला, असे निघाले तर ती जीवसृष्टीतल्या थोर कथांपैकी एक ठरेल.

२०२१ मध्ये ओल्डेनबर्ग आणि ऑक्सफर्डच्या गटांनी रॉबिनचे क्रिप्टोक्रोम-४ प्रयोगशाळेत तयार करून ते चुंबकीय क्षेत्राला प्रतिसाद देते असे दाखवले; कोंबडी आणि कबुतर यांच्या त्याच प्रथिनापेक्षा हा प्रतिसाद अधिक होता. पण त्या प्रयोगातले क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्रापेक्षा अनेक पटींनी प्रबळ होते, आणि प्रथिन परीक्षानळीत होते. जिवंत रॉबिनच्या दृष्टिपटलात, पृथ्वीच्या दुबळ्या क्षेत्रात हेच घडते का, आणि घडत असेल तर तो संदेश मज्जातंतूपर्यंत कसा जातो, हे कोणी अजून दाखवलेले नाही. त्यासाठी फिरकीचे गणित जाणणारा भौतिकशास्त्रज्ञ, प्रथिने हाताळणारा रसायनशास्त्रज्ञ आणि पक्ष्यांबरोबर रात्री जागणारा जीवशास्त्रज्ञ, तिघेही लागतील. यांपैकी कोणत्याही दाराने येणाऱ्या वाचकासाठी पुढची प्रकरणे लिहिली आहेत.